राहीच्या पाठीचं माप

गंगाराम शिवलकरांना रत्नागिरीत आडनावानं कोणी ओळखत नसे. ‘कपडेपटवाले गंगाराम’ म्हटलं की मांडवीपासून राम आळीपर्यंत कोणीही बोट करून घर दाखवी. राजा, नारद, राक्षस, नर्तकी, हवालदार अशी झाडून सगळी मंडळी त्यांच्या पडवीतल्या पत्र्याच्या ट्रंकांत डांबराच्या गोळ्या हुंगत निजलेली असत. कुठल्या गावात नाटक ठरलं की त्या ट्रंका एसटीच्या टपावर चढत आणि मागोमाग गंगाराम. राजापूर, संगमेश्वर, पार आडबाजूच्या वाड्यासुद्धा! अशाच एका खेपेला ट्रंका बांधता बांधता ते टपावरून थेट धरणीवर उतरले. तेव्हापासून उजवा गुडघा दुमडेना. सपाटीवर अजूनही ते राजासारखे झोकात चालत, चढ आला की मात्र भिंत शोधत.

किडकिडीत मास्तर असो नाहीतर पोट सुटलेला दुकानदार, एकच अंगरखा दोघांना शोभवून दाखवायचा, ही गंगारामांची कला. कात्री मात्र कधी लावायची नाही. आजचा राजा बुटका म्हणून उद्याचा बुटकाच निघेल असं थोडंच आहे? दुमडा, टाचा, चुण्या घ्या, पण कापू नका! असं ते तोंडात टाचण्या धरून सांगत आणि एकही टाचणी खाली पडत नसे.

तर चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात या गंगारामांच्या घरी मोठाच प्रवेश ठरला. नात राही पहिलीला जाणार होती!

राही म्हणजे एवढीशी चिमणी. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगितलं तर बोटं कानाच्या पाळीला जेमतेम शिवत. पण उत्साह केवढा! सकाळी उठली की विचारी, “आज शाळा हाय?” आणि ‘नाय’ ऐकलं की रुसून पुन्हा पांघरुणात शिरे.

अडचण होती ती पाखाडीची. गंगारामांचं घर खाली आणि शाळा वर टेकाडावर. मध्ये जांभ्या चिऱ्यांची उभी पाखाडी, पायऱ्या कुठं ढोपराएवढ्या, कुठं झिजून बशीसारख्या झालेल्या. राहीचा बाप सदू मुंबईत नोकरीला. आई मथुरा सकाळीच काजूच्या कारखान्यात जाई, तिला शाळेची वेळ सापडत नसे. आणि आजोबांचा गुडघा पहिल्याच पायरीवर हात जोडी. म्हणजे राहीनं दप्तर घेऊन एकटीनं चढायचं.

मथुरा बोलायला गोड, पण शब्दाची पक्की. तिनं सांगून टाकलं, “मामंजी, दप्तर पाठीवर घेऊन माझ्या डोळ्यांदेखत वर चढली तर पाठवीन. नायतर पुढच्या साली. पोर पाखाडीवरनं गडगडली तर काय करू मी?”

“पुढच्या साली?” गंगाराम ताडकन म्हणाले. “अगो, नांदी झाली, पडदा वर गेला, आणि तू म्हणतेस प्रयोग पुढच्या साली? चल गो राही, बॅग आणूया!”

त्या दिवसांत पाठीवरच्या बॅगा बाजारात नुकत्याच दिसू लागल्या होत्या. तोवर सगळी पोरं खांद्यावर कापडी पिशवी अडकवून जात. राम आळीत अयूबच्या दुकानासमोर काठीला लटकलेल्या त्या रंगीबेरंगी बॅगा वाऱ्यावर हलत होत्या. राहीनं त्या पाहिल्या आणि आजोबांचं बोट सोडलं.

“ती!” ती ओरडली. सगळ्यांत वरची, सगळ्यांत मोठी. लालभडक कॅनव्हासची, पितळी बकलांची.

“बघा!” अयूब काठीनं बॅग उतरवता उतरवता म्हणाला. “पोरीची नजर बघा चाचा. वाढत्या अंगाची आहे. आत्ता घेतलीत की चौथीपर्यंत बघायला नको.”

वाढत्या अंगाचं! हा शब्द ऐकला की कोकणातला माणूस विरघळतोच. फ्रॉक वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या, मग बॅगेनंच काय घोडं मारलंय? गंगारामांनी राहीच्या हातांतून दोन्ही पट्टे ओवले, तिला दुकानाच्या उंबऱ्यावर समोरासमोर उभी केली आणि स्वतः पावलं मोजल्यासारखे मागे मागे सरकत रस्त्याच्या पलीकडे गेले. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, शिवीही हासडली. त्यांना कुठलं ऐकू येतंय! त्यांनी एक डोळा मिटला. समोर राही, मान ताठ, छातीवर दोन लाल पट्टे, आणि चेहऱ्यावर असं तेज की दिवा लावायला नको.

“वा!” ते भररस्त्यात गरजले. “सेनापती! सेनापती आले!”

राहीनं तिथल्या तिथं सलाम ठोकला. बॅग घेतली गेली.

घरी येताना वाटेत शेजारीण सखू भेटली. सखूची जीभ म्हणजे कोयती, नारळ आणि माणूस सारखाच सोलणारी. तिनं राहीभोवती एक फेरी मारली. “गंगारामभाऊ, पोरीला बॅग घेतलीत की बॅगेला पोरगी?”

“तुला काय कळतंय त्यातलं!”

“मना नाय कळत. पण पोरगी कुठं संपते न् बॅग कुठं सुरू होते, तेवढं दाखवा बघू.”

गंगाराम हसले आणि पुढे झाले. त्यांना वाटलं, सखूला हेवा वाटला.

रविवारी मथुराला सुट्टी. गंगारामांनी रंगीत तालीम जाहीर केली. आळीतल्या बाया उंबऱ्यावर आल्या, पोरं गडग्याच्या दगडी भिंतीवर चढून बसली. रिकाम्या बॅगेनं तालीम करायची नाही, असा गंगारामांचा आग्रह. “तलवार पुठ्ठ्याची असली की हातही पुठ्ठ्याचा होतो,” म्हणत त्यांनी पाटी, पुस्तक, वह्या, भाताचा डबा, पाण्याची बाटली, सगळं आत घातलं. राही त्यांच्यासमोर उभी राहिली. समोरून दृश्य झकास होतं.

“तिसरी घंटा झाली!” त्यांनी टाळी वाजवली. “जा, घे प्रवेश!”

राही वळली. आणि गंगारामांनी पहिल्यांदाच तिला मागून पाहिली.

नात दिसतच नव्हती! एक लाल बॅग होती आणि बॅगेखाली दोन काटक्यांसारखे पाय होते. वरचं टोक डोक्याच्याही वर, खालचं टोक पोटऱ्यांना लागलेलं. राही पहिली पायरी चढली तशी बॅगेनं तिला मागून धक्का दिला. दुसरीला एक पट्टा खांद्यावरून घसरला. तिनं तो वर ओढला, तर दुसरा घसरला. पुढच्या उंच पायरीवर तिनं पाय टाकला, आतला डबा खडखडला, सगळं ओझं मागे गेलं, आणि राही बॅगेवर उताणी पडली. पाठीवर उलटलेल्या किड्यासारखे हातपाय हलवत ती दोन पायऱ्या खाली आली.

आळी हसली. हसण्यासारखंच होतं ते. राहीचं कोपर खरचटलं होतं, पण ती रडली नाही. “माझा पाय सटकला,” ती घाईघाईनं म्हणाली. “बॅग चांगली हाय!”

मथुरानं तिला उचललं, धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाली, “पुढच्या साली.”

तेव्हा मात्र राहीनं बॅगेला मिठी मारून असा टाहो फोडला की गडग्यावरची पोरंही चूप झाली.

गंगाराम पायरीवर हात टेकून तसेच बसले. रंगमंचावर प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा जुना नियम. त्या नियमावर त्यांचा सारा धंदा उभा. पुढून राजाची छाती जरीनं झगमगे, मागे नुसत्या नाड्या, टाचण्या आणि सुतळीच्या गाठी. पाठ बघतो कोण? उभ्या हयातीत शेकडो माणसं सजवली, पण मागे जाऊन एकालाही न्याहाळलं नव्हतं. आणि हे दप्तर! हा तर सगळा पाठीचाच खेळ.

दुसऱ्या दिवशी ते अयूबच्या दुकानात हजर. “याहून लहान दे. पाठीएवढी दे.”

अयूबनं काठी खाली ठेवली. “नाही हो चाचा. लहान मागवली तर माझ्याकडेच म्हातारी होईल. इथं सगळ्यांनाच वाढत्या अंगाची पाहिजे. मुंबईला सांगतो हवं तर, पण शाळा उघडायच्या आत काही यायची नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “ही परत ठेवून जा. चिरा घासलाय तिला, तरी चालेल.”

गंगाराम बॅगेकडे बघत राहिले. हळूहळू त्यांच्या भुवया वर चढल्या. मेकअप उतरवता उतरवता पुढच्या नाटकाची कल्पना सुचावी तसा चेहरा झाला. “परत?” ते म्हणाले. “अरे अयूब, मी कपडेपटवाला ना? राजाचा अंगरखा प्रधानाला बसवणारा मी! आण ती इकडे!”

घरी येऊन त्यांनी राहीला हाक मारली. “उभी राहा. माझ्याकडे पाठ करून.”

“पाठ करून?” राहीला गंमत वाटली.

त्यांनी मानेखालचं टपोरं हाड बोटानं चाचपलं आणि तिथून कमरेपर्यंत टेप सोडली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत माप घेतलं. तिला खाली बसवून, उठवून, स्टुलावर चढवून मागून पाहिलं. केवढीशी पाठ ती! पण चढताना कशी वाकते, कुठं मोकळी हवी, सगळं तिथं लिहिल्यासारखं दिसत होतं. गंगाराम अधूनमधून “अच्छा!” म्हणत. राहीला गुदगुल्या होत होत्या.

मग त्यांनी बॅगेचे टाके उसवायला घेतले. दुपारी कारखान्यातून आलेली मथुरा उंबऱ्यातच थबकली.

“मामंजी! नवी कोरी बॅग उसवताय?”

“उसवतोय. कापत नाय.” त्यांच्या तोंडात सुई होती. “तळ आत दुमडून वर घेतो. बाजूंना चुण्या. पट्टे सोडवून मानेजवळ आणतो, म्हणजे घसरायचे नायत. पोर वाढली की एकेक चुणी सोडायची. आहे की नाय वाढत्या अंगाची?”

मथुरा मान हलवत आत गेली. पण दुमडलेल्या कॅनव्हासातून दाभण पलीकडे जाईना आणि म्हाताऱ्याचा जोर कमी पडायला लागला, तेव्हा तिनं पदर खोचला. काजूच्या चिकानं काळ्या पडलेल्या तिच्या बोटांना जोर होता. गंगाराम दाभण खुपसत, ती पलीकडून पकडीनं ओढी. “हं!” “ओढ!” “हं!” असं होडी पाण्यात लोटल्यासारखं दोघांचं चाललं होतं. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची गाठ पडली. तालमीला वेळच उरला नाही. “सकाळी माझ्यासमोर चढली तर शाळेत, नायतर पुढच्या साली,” मथुरानं पुन्हा बजावलं.

सकाळी दप्तर भरायला गंगाराम पुढे सरसावले, तर मथुरानं त्यांचा हात बाजूला केला. “द्या हो इकडे. परत तुम्ही भरलंत तर डबा पाठीमागं लोंबेल. घागर लांब धरून कोण चालतं? जड ते अंगाजवळ.” तिनं पाटी पाठीच्या बाजूला चिकटून उभी ठेवली, मग पुस्तक, वह्या, डबा वरच्या अंगाला. बाटली बाहेर काढली. “शाळेत पाण्याचा माठ हाय.”

गंगाराम बघतच राहिले. “तुला हे ठाऊक होतं, तर त्या दिवशी बोलली का नायस?”

“त्या दिवशी तुम्ही विचारलंत कुठं? तुमची तिसरी घंटा झाली होती.”

आळी पुन्हा जमली. या वेळी हसायला आलेले गप्प होते, कारण मथुरा कारखान्याला उशीर करून पाखाडीच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभी होती. राहीनं पट्टे घातले. बॅग तिच्या खांद्यांखाली बसली आणि कमरेवर थांबली. मागून मान दिसत होती, दोन वेण्या दिसत होत्या. तिनं पायरीवर पाय ठेवला.

एक पायरी. मग दुसरी. त्या दिवशी जिथून पडली होती ती उंच पायरी आली. राही थांबली, दोन्ही हात गुडघ्यावर टेकले आणि “हूं!” करून वर गेली. गंगारामांचे ओठ हलत होते, जणू विंगेतून संवाद पुरवत होते.

पाखाडी निम्मी झाली आणि वरून मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई उतरू लागली. वाट अरुंद, पाटीतून पाणी ठिबकतंय. मथुराची हाताची घडी सुटली. “राही!” तिच्या तोंडून निघालं.

राही भिंतीला खांदा लावून तिरकी उभी राहिली. बॅग जिथल्या तिथं, अंगाला चिकटून. बाई गेली. जाता जाता म्हणाली, “बाजूलाच ऱ्हा गो बाय, मी ओझेवाली!” राहीनं ऐटीत सांगितलं, “मी पण ओझेवाली!” आणि पुढची पायरी चढली.

“चढ गो!” खालून ओरडली ती चक्क सखू. “चढ, मागं बघू नकोस!” मग काय, सगळी आळीच ओरडायला लागली. गंगाराम सोडून. त्यांनी एक डोळा मिटला होता आणि चढत जाणारी ती एवढीशी पाठ ते न्याहाळत होते.

वरच्या पायरीवर पोचल्यावर राही वळली. तिचं तोंड लाल झालं होतं, श्वास लागला होता. टेकाडावर शाळेची घंटा झाली. तिच्या मागून पोरं धावत आत जात होती, पण ती हलेना. कमरेवर हात ठेवून तिनं खाली पाहिलं आणि ओरडून विचारलं,

“आई, जाऊ?”

सगळ्या आळीनं मथुराकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि टेकाडापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“जा गो! घंटा झाली ना? पळ!”