पुतण्याचा लांबलेला नमस्कार

आमच्या पुतण्याइतका वाकून नमस्कार करणारा माणूस अख्ख्या बेंगळूरमध्ये नाही, आणि त्याच्याइतका लबाड नमस्कारही कुणाचा नाही! हा रक्तवाहिन्यांचा सर्जन. वडीलधारं माणूस खुर्चीत बसलेलं दिसलं की वाकलाच. एक हात पावलावर, दुसरा गुपचूप गुडघ्यामागे. डोळे मिटून भक्तिभावाने नाडी चाचपतोय! जयनगरच्या आमच्या अक्कांनी ‘शतायुषी हो’ तीनदा म्हटलं तरी हा उठेना. शेवटी त्या माझ्यावरच खेकसल्या, “अरे, ह्याला अजून काय हवंय?” बसवनगुडीतल्या एका मुंजीत तर मातृभोजन खोळंबलं, कारण भटजींचे पाय ह्याच्या हातात.

तेही मी हसून सोडलं असतं. पण माझ्या साठीशांतीला? होम आटोपून मी खुर्चीत बसलेलो, नमस्काराला ही रांग. हा वाकला तो वाकलाच. मग मान वर करून सगळ्यांदेखत म्हणतो, “काका, इथे स्वल्प जास्तच उडतंय. उद्या स्कॅन करू.” “आशीर्वाद घे आणि ऊठ मुकाट्यानं!” मी ओरडलो. अरे, मी माणूस आहे की सर्व्हिसिंगला आलेली स्कूटर? पाय दुखत नाही, खुपत नाही, रोज देवळापर्यंत चालतो!

स्कॅन केलाच त्यानं. गुडघ्यामागची धमनी फुग्यासारखी फुगलेली, आत रक्ताची गुठळी. ती सुटून खाली अडकली तर पाय कापावा लागेल, हे त्यानं मला चित्र काढून समजावलं, तेही साठीच्या निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर! मांडीतली माझीच शीर काढून फुगवट्याला वळसा घालून जोडणार म्हणे. “न दुखणाऱ्या पायाला सुरी? मुळीच नाही!” मी ठणकावलं.

तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला. मग म्हणाला, “बाबांचा पाय ह्यानेच गेला, काका. मी तेव्हा शिकत होतो. दर दिवाळीला त्यांना नमस्कार करायचो. नुसते पाय शिवून उठायचो.”

 आनेकलला राहणाऱ्या माझ्या त्या थोरल्या भावाला, अण्णाला, दर दिवाळीला मीही वाकून नमस्कार करत होतो. शेवटची दोन वर्षं एकाच पावलाला.

“सरी, बरं,” मी म्हटलं, “काप.”

आता जखम भरली आहे. तो अजून वाकतो, मी अजून ओरडतो. पण पाय मागे घेत नाही. उलट दुसराही हळूच पुढे करतो. तो उठेपर्यंत वेळ भरपूर असतो, म्हणून आशीर्वाद दोन देतो. एक माझा, एक अण्णाच्या वाटचा.