डिकीवरची थाप

वडिलांनी घेतलेली सेकंडहँड मोटार सकाळी आपणहून सुरू झाल्याचं मला आठवत नाही. स्टार्टर नुसता खोकला की शेजारचे काका अर्धी दाढी साबणातच ठेवून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत यायचे. ते चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला होते, आवाज भोंग्यासारखा. "चला रे भाई, राणी रुसली!" अशी हाक गेली की दारं उघडायची, गल्ली गाडीमागं लागायची. "हाणा! लई जड नाय ती!" गाडी सुरू झाली की काका डिकीवर थाप मारायचे. मगच वडील निघायचे.

नामांतराच्या दंगलीत काकांच्या गावची दलितवस्ती जाळली. त्यांची आई तिथंच होती. कळताच वडिलांनी गाडी काढली. "बसा," म्हणाले. ती नेहमीसारखी खोकून बंद पडली. काका उतरले आणि सवयीनं त्यांनी गल्लीला हाक दिली. खिडक्यांमागं माणसं दिसत होती, पण एकही दार उघडलं नाही. काकांनी पुन्हा हाक मारली नाही. ज्या गाडीतून आईला आणायला जायचं, तिलाच खांदा लावला. दुसऱ्या बाजूनं मी ढकलत होतो.

काकांची आई सुखरूप आली. काही दिवसांनी गाडी पुन्हा अडली, तेव्हा न बोलावता सगळी दारं उघडली. काकाही आले, मान खाली घालून ढकलत राहिले. गाडी सुरू झाली. वडील थापेची वाट बघत क्षणभर थांबले, आणि मग निघाले.