लहानू मिस्त्रीचे कान

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे लहानू मिस्त्रीचं टिनाच्या शेडचं गॅरेज होतं, आणि त्याचं सगळं नाव त्याच्या कानांवर उभं होतं. गाडी वळणावर दिसायच्या आधीच हा सांगायचा, प्लग गेला की पॉइंट जळाले. ऐकणारा चाट पडायचा. आता थोडी फुशारकी होती त्यात, नाही म्हणू नये. पण गडी बहुतेक वेळा खरा ठरायचा, मग कोण काय बोलणार?

तरुणपणी लहानूनं धानाच्या गिरणीत भल्यामोठ्या डिझेल इंजिनाशेजारी उमेदीची वर्षं काढली होती. त्या धडधडाटानं पुढं डाव साधला. आधी उजवा कान गेला, मग डावाही मंदावला. लहानूनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणणार, ही धास्ती त्याला खात होती. लोक बोलले की हा त्यांच्या ओठांकडं बघायचा, अंदाजानं मान डोलवायचा, आणि अगदीच नाही कळलं तर हसून वेळ मारून न्यायचा.

अशात सोमाजीची फियाट आली. सोमाजी ढिवर, तळ्यातल्या मासळीवर वर आलेला माणूस. जुनी फियाट घेऊन भाड्यानं चालवायचा. दसरा झाला आणि गाडी बिघडली. उभी असली की इंजिन गचके खायचं, चढावर दम टाकायचं. लहानूनं नवे प्लग बसवले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. गाडी गेली आणि तशीच परत आली. पुन्हा खटाटोप, पुन्हा तेच. सोमाजी मवाळ माणूस, पण त्याचाही धीर सुटला. आज नाही जमलं तर गाडी नागपूरला नेतो, असं सांगून तो स्टँडवर जेवायला गेला.

मेलेला सिलिंडर शोधायची रीत साधी आहे. इंजिन चालू ठेवून प्लगावरची एकेक वायर काढायची. चांगल्या सिलिंडरची काढली की आवाज आणखी बसतो; मेलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. हे लहानूनं जन्मभर केलं होतं. आज त्यानं चारही वायरी काढून बघितल्या, पुन्हा काढून बघितल्या, पण कानात नुसती भणभण. इंजिनावर हात ठेवून अंदाज घ्यावा, तर त्याच्या खालचे आधाराचे रबर झिजलेले, अख्खी गाडीच थरथरत होती. लहानू पक्कड हातात घेऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं.

तेवढ्यात सीता, त्याची बायको, डबा घेऊन आली. तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "सीता, मले आयकू नाई येत."

ती समोर आली. "मले ठाऊक हाय."

लहानूला आधी रागच आला. मग बोलली काऊन नाही, असं त्यानं विचारलं.

"तुमी बोलले असते, त मी बी बोलली असती," सीता म्हणाली आणि डबा बाजूला ठेवून इंजिनाजवळ वाकली.

आवाज बदलला नाही की बोट वर कर, असं सांगून त्यानं वायरी काढायला सुरुवात केली. पहिलीला तिनं मान हलवली, दुसरीलाही. तिसरीला मात्र तिनं बोट वर धरलं. तिसरीनं आवाज बदलतच नव्हता. लहानूनं इंजिन बंद करून ती वायर प्लगापासून मागं, चारही प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणापर्यंत चाचपली. तिथली रबरी टोपी वर केली, तर आत लालभडक चिखल. हळद-कुंकू! सोमाजीच्या घरच्यांनी दसऱ्याला गाडी पुजली होती, बॉनेट उघडून आतसुद्धा ओलं कुंकू लावलं होतं. ठिणगी प्लगापर्यंत जातच नव्हती, कुंकवातल्या कुंकवात जिरत होती. लहानूच्या घरी अवजारं पुजत नाहीत. दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर होता. हे त्याच्या डोक्यात यावं तरी कसं!

झाकण पुसून, वाळवून बसवलं. सोमाजी आला तेव्हा इंजिन एका लयीत चालत होतं. तो खूश होऊन म्हणाला, मिस्त्री, तुमच्या कानाला तोड नाही. लहानूनं ते ओठांवरून वाचलं. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. सीता मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"सोमाजीभाऊ, माह्ये कान गेले," लहानू म्हणाला. "हे सीतानं आयकलं."

सोमाजीनं पैसे दिले. गाडी घेऊन गेला. आपणच आपल्या पोटावर पाय दिला, असं लहानूला वाटलं. पुढं बरेच दिवस शेडखाली कुणी फिरकलं नाही, आणि तो रिकामा बसून स्वतःलाच बोल लावत राहिला.

मग एका दुपारी देवराव नावाचा जीपवाला आला. जीप उभ्याउभ्या गचके खात होती. देवराव लहानूकडं गेलाच नाही, डबा घेऊन आलेल्या सीतेला म्हणाला, "सोमाजीनं धाडलं, बाई. जरा आयकून पाहा न."

लहानूला ते लागलं. चांगलंच लागलं. पण तो पक्कड घेऊन उठला, जीपचं बॉनेट वर केलं आणि म्हणाला, "सीता, उद्यापासून सकाळीच माह्यासंगं गॅरेजवर निघजो."