हरेल त्यानं सोंगट्या भरायच्या

पाचला पाच कमी असताना डोरीन हवरिलुक चर्चच्या तळघरात उतरली, तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. असणार तरी कोण? थंडर बे गावातल्या बुद्धिबळ क्लबात दोनच माणसं उरली होती. एक ती. दुसरा वेइक्को सालमेला, आणि तो महिनाभरापासून अर्धांगवायूनं वृद्धाश्रमात पडून होता.

तरी तिनं पट मांडला. दोन्हीकडच्या सोंगट्या लावल्या. डावाची वेळ मोजणाऱ्या घड्याळाला चावी दिली. मार्चचा शेवटचा शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता क्लबाच्या अजिंक्यपदाचा शेवटचा डाव. एकावन्न साली कागद कारखान्यातल्या आणि धान्याच्या कोठारांवरच्या कामगारांनी क्लब काढला, तेव्हापासून ही तारीख हलली नव्हती. यंदा खेळणारे दोघंच, म्हणून पहिली फेरी तीच शेवटची.

चर्चची देखभाल बघणारा लॉर्न जिन्यावरून वाकला. "अगं डोरीन, कुणाशी खेळतेयस? भुताशी?"

"वेइक्कोशी."

"अगं, पण तो..."

"कुठंय ते माहितीय मला. तू तुझं काम कर."

"तेच करायला आलोय. क्लबाचं कपाट मोकळं करायचंय. सोमवारी पाळणाघरवाले जागा ताब्यात घेणार."

"सोमवारी ना? आज शुक्रवार आहे."

पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे होत्या. तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं सारलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीचा वेळ पळायला लागला.

वेइक्को या चालीला काय उत्तर देतो, ते तिला पाठ होतं. आपल्या राजापुढचं प्यादं एकच घर पुढं. चाळीस वर्षं तेच. त्या एका घरावर तिनं अख्खा हिवाळा घालवला होता, स्वयंपाकघरात, एकटीनं, पुस्तक उघडं ठेवून. या खेपेला ती त्याला फोडणार होती.

भिंतीवर विजेत्यांची लाकडी फळी होती. पितळी पट्ट्यांवर नावं. वेइक्कोचं नाव एकोणीस वेळा. डोरीनचं एकदाही नाही. अकरा वेळा ती दुसरी आली, पण दुसऱ्याचं नाव कोण कोरतंय? तळाशी एक पट्टी कोरी होती.

एके काळी इथं वीस पट मांडलेले असायचे आणि सिगारेटच्या धुरानं समोरचा माणूस दिसायचा नाही. मग कारखाना अर्धा बंद झाला. पोरं शिकून टोरांटोला गेली. उरलेली फोनवर खेळायला लागली. म्हातारे एकेक करून गेले आणि प्रत्येकाच्या तेराव्याला नाही, पण दफनानंतरच्या कॉफीला डोरीन हजर होती.

साडेपाचला लॉर्न परत आला. खुर्ची ओढून बसायला गेला.

"तिथं नको. ती त्याची आहे."

तो उभाच राहिला. "एक सांगू? फळीवर त्याचंच नाव लाव. शेवटचं नाव. शोभेल. आजारी माणसाला तासभर थांबून हरवलं, हे बरं दिसतं का?"

डोरीन घड्याळाकडेच बघत राहिली.

एक्याण्णव साली ती शाळेची बस चालवायची. असाच शेवटचा शुक्रवार, समोर वेइक्को. बाहेर बर्फाचं वादळ. शेवटच्या पोराला घरात सोडून ती इथं पोचली तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. तासाभरात पटावर आला नाही तो हरला, असा नियम. सगळे म्हणाले, जाऊ दे, खेळू दे तिला, बाईमाणूस आहे.

"बाईमाणूस म्हणून सूट द्यायची," वेइक्को म्हणाला होता, "तर तिला कॉफी करायला बसवा. पटावर कशाला?"

"पोरं पोचवत होते मी, गाढवा!"

"पोचली ना? छान. डाव गेला. सोंगट्या भर."

हरेल त्यानं सोंगट्या भरायच्या, हा दुसरा नियम. तिनं रडत भरल्या. वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. पण क्लब सोडायचा विचार तिच्या मनात कधी आला नाही. अख्ख्या गावात तिला खेळाडू समजणारा तो एकच माणूस होता.

सहा वाजले. वेळ संपल्याची घड्याळातली लाल झेंडी पडली.

"झालं," डोरीन म्हणाली. "जिंकले मी."

आनंद वगैरे काही झाला नाही. पाय मात्र गारठले होते.

लॉर्ननं सोंगट्यांना हात घातला. "चल, भरायला मदत करतो."

"खबरदार! हरलेला भरेल."

शनिवारी तिनं पट्टीवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. रविवारी पट, रिकामा खोका आणि सोंगट्यांची पिशवी घेऊन ती वृद्धाश्रमात गेली. वेइक्कोचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात मेलेला, शब्द फुटत नव्हता. जेवणाच्या टेबलावर तिनं सगळं मांडलं. तिचं एक प्यादं दोन घरं पुढं, बाकी सगळं जागच्या जागी.

"तास भरला. तू आला नाहीस. हरलास."

तो पटावर वाकला. मग डावा हात उचलला आणि आपल्या राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

डोरीनचा हात पटाकडे गेला. अख्ख्या हिवाळ्याचं उत्तर तिच्या बोटांत तयार होतं. फक्त पुढं सारायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. हात मागं घेतला. "झेंडी पडली, म्हाताऱ्या. सोंगट्या भर."

वेइक्कोच्या वाकड्या तोंडातून खर्र असा आवाज आला. हसला असावा. मग त्यानं खोका जवळ ओढला. आधी प्यादी, नेहमीसारखी. एक नर्स धावत आली. "अहो, मी भरते ना!"

"हात लावू नका," डोरीन म्हणाली. "हरलाय तो."

चाळीस मिनिटं लागली. शेवटचा राजा आत गेला, झाकण लागलं, खोका तिच्याकडे सरकला. आणि तो बसल्या बसल्या झोपून गेला, तोंड उघडं टाकून.

खोका मांडीवर घेऊन ती बसून राहिली. भेटीची वेळ चारपर्यंत होती. आत्ता कुठं पावणेदोन झाले होते.