एक मीटर, चार चुली

पाणीबिलाच्या तक्रारखिडकीत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, लोक स्वतःच आणून देतात! काही जण तर वर आम्हालाच समजावून जातात.

*

बेसा वस्तीतले एक काका तणतणत आले. "मॅडम, नळाले नुसती हवा येते आन् मीटर गरगर फिरते! हवेचे पैसे काहून भरू?"

मी म्हटलं, "अर्ज द्या, हवा बंद करायला सांगते."

"बंद नका करू, उन्हाळ्यात तेवढंच येते!"

*

महाल भागातल्या एका आजींनी दसऱ्याला मीटरची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं यथासांग. आमच्या मीटर-रीडरला काचेतला आकडाच दिसेना. तो पुसायला गेला तर आजी ओरडल्या, "राहू दे गा! जरा हळू फिर म्हणून सांगून राहिली मी त्याले!"

*

हे झाले हसायचे. शीलाताईंची तक्रार आली की मात्र माझं डोकं फिरायचं.

एका घरात चार बिऱ्हाडं, मीटर एक. वापर जास्त तर दर जास्त, असा नियम. नियम चांगलाच आहे हो! पण चौघांचं पाणी एकाच मीटरवर चढायचं आणि धुणीभांडी करणाऱ्या शीलाताईंना बंगल्यातल्या बागेचा दर लागायचा. शेजारच्या बिऱ्हाडातला गौतम हिंगण्याच्या कंपनीतूनच आंघोळ करून यायचा. रविवारी त्याची आई बजवायची, "ड्युटी नाही तं आंघोळ नाही!"

*

मी आमच्या साहेबांच्या मागेच लागले. शेवटी ठरलं, चार चुली वेगळ्या आहेत हे साहेबांनी डोळ्यांनी पाहायचं, मग हिशेब चार घरांचा धरायचा. शीलाताईंना निरोप दिला, "उद्या साहेब येताहेत, चुली बघायला."

गेलो, तर तीन घरांतले गॅस थंड! साहेब पहिल्यांदा येणार म्हणून चौघींनी मिळून शीलाताईंच्या शेगडीवर बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता.

साहेब म्हणाले, "हे तर एकच कुटुंब दिसतंय!"

मी कपाळावर हात मारला. शीलाताई मात्र शांत. "आधी जेवा साहेब, मंग भांडून दाखवतो!"

साहेब बसले. रस्सा असा झणझणीत की दुसऱ्याच घासाला त्यांना ठसका लागला. "पाणी!" एवढंच कसंबसं म्हणाले.

चार दारांतून चार बाया तांबे घेऊन धावल्या.

"माह्या घरचं घ्या साहेब!"

"सरक वं, माह्या घरचं पेतील ते!"

साहेब चारही तांब्यांतलं घोट घोट पाणी प्यायले आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "मॅडम, पेन द्या."