कप्पाचा नमस्कार

त्या वर्षी अख्खं जग घाबरलेलं होतं; अपवाद एकच, माझ्या घरमालकांच्या सासूबाई. अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात ज्या मराठी जोडप्याच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती, त्यांच्याकडे सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. "काकू नाही. बाई म्हण," त्यांनी बजावलं. साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवल्यावर नात्यातलं कुठलंही संबोधन त्यांना पदावनती वाटायचं. बाई कुणाचंच ऐकत नसत. मास्क तेवढा काटेकोरपणे लावत, कारण तो त्यांनी स्वतः शिवलेला होता.

एकदा फिरून येताना रस्त्याकडेच्या फुकट पुस्तकांच्या कपाटात त्यांना एक जपानी पुस्तक सापडलं. या गावात जपानी कुटुंबं बरीच, तेव्हा त्यात नवल नव्हतं. अक्षर एकही कळत नव्हतं, पण पानोपानी जुन्या धाटणीची भुतं होती: एका पायावर उड्या मारणारी एकडोळी छत्री, लांब जिभेने न्हाणीघरातला मळ चाटणारा एक लाल प्राणी, आणि कासवाच्या पाठीचा, डोक्यावरच्या खळग्यात पाणी बाळगणारा नदीतला राक्षस, कप्पा. बाई पुस्तकावरून हात फिरवत म्हणाल्या, "बघ, सावली कुठे म्हणून नाही! नुसत्या रेषेवर उभं आहे सगळं. आणि मी जन्मभर पोरांकडून मडक्याच्या सावल्या घोटून घेतल्या!"

जपानी शाई काजळीपासून करतात हे मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर तेलाचे चार दिवे, त्यांच्यावर पालथी थाळी, आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतोय. जावई मीटिंग सोडून, हेडफोन गळ्यात घालून धावत आले. "आई, अहो हे काय?"

"काजळ धरतेय. तुमचं चालू द्या."

संध्याकाळी बाथरूमच्या दारावर तो जीभवाला प्राणी चिकटला. पुढे महिनाभर जावयांनी फरशी स्वतः घासली. कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा इथे घरोघरी खिडकीत टेडी बेअर बसवलेले असत, फिरायला निघालेल्या मुलांना मोजता यावेत म्हणून. "आपल्याकडे अस्वल नाही," असं म्हणून बाईंनी पार्सलच्या तपकिरी कागदावर माणसाएवढा कप्पा रंगवला आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत लावला. त्याच दुपारी खालून जाणारी एक जपानी मुलगी, असेल पाच-सहा वर्षांची, थांबली आणि कमरेत वाकून तिने त्याला नमस्कार केला. मी शोधून पाहिलं. कप्पा दुष्ट असतो, माणसांना पाण्यात ओढतो, पण शिष्टाचाराला पक्का. त्याला नमस्कार केला की त्याला उलट वाकावंच लागतं; मग डोक्यावरचं पाणी सांडतं आणि त्याची सगळी ताकद जाते.

बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत नवा कागद होता. कप्पाची मान किंचित झुकलेली. मुलगी पुन्हा वाकली. तिसऱ्या दिवशी तो आणखी झुकला. रोज नवा कागद, आणि रोज दुपारी खाली तो छोटा नमस्कार.

पाचव्या दिवशी इमारतीच्या समितीची ईमेल आली: मुलं घाबरतात, चित्र काढावं.

"आई, आपण इथे परके," जावई म्हणाले. "कशाला वाद?" त्यांची बायको आईला ओळखून होती, ती चहा टाकायला उठली.

"परके म्हणून त्याला अर्धवट वाकलेला सोडू? ती पोर रोज येतेय. तिचा राक्षस पडायचाय अजून."

समितीने व्हिडिओ कॉलवर बोलावलं. भाषांतराला मी. ऑफिसच्या कॉलमध्येही मी कॅमेरा बंद ठेवणारी. आता बाईंच्या खांद्याला खांदा लावून स्क्रीनवर होते. "सांग यांना," बाई म्हणाल्या, "चित्र निघणार नाही. नमस्कार पुरा झाला की मी स्वतः काढीन."

मी इंग्रजीत सांगायला लागले, "शी इज सॉरी, बट..."

"सॉरी कुणी म्हटलं?"

"बाई, तशी पद्धत असते."

"तुझी असेल. माझ्या नावावर नको. मागे घे ते."

समोरचे सहा चेहरे वाट बघत होते. "शी इज नॉट सॉरी," मी म्हटलं, आणि मग बाकीचं सगळं सांगितलं. कप्पा, पाणी, ती मुलगी. अध्यक्ष म्हणजे एक उंच डच आजोबा. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "किती दिवस?" बाईंनी थेट कॅमेऱ्यात चार बोटं धरली. आजोबांनी ते लिहून घेतलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी कप्पाचं कपाळ जमिनीला टेकलं होतं आणि पाणी कागदाच्या खालच्या कडेपर्यंत वाहत गेलं होतं. मुलगी बराच वेळ वर बघत राहिली. मग दोन्ही हात उंचावून ओरडली आणि आपल्या आईभोवती धावत सुटली. "पडला मेला," पडद्याआडून बघणाऱ्या बाई पुटपुटल्या, आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच कागद उतरवला.

उन्हाळ्यात विमान मिळालं, तशा सगळ्या कागदांची गुंडाळी करून त्या गेल्या. मला त्यातला एक फार हवा होता. ते सांगायला मला दोन वर्षं लागली. परवा फोनवर बोलून टाकलं.

"अगं, मग तोंडाने मागायचं की!"

"आता द्याल?"

"आता कुठले?" बाई एरवीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात म्हणाल्या, "वाटून टाकले सगळे. ज्यांनी मागितले त्यांना."