व्हेरोनाबाईंचं रिकामं शेल्फ

जे पुस्तक दोन वर्षांत कुणी घरी नेलं नाही, ते लायब्ररीच्या संगणकाच्या लेखी मेलेलं असतं. यादीत त्याचं नाव येतं, पुस्तक खोक्यात जातं आणि खोकं गाडीत. ही यादी ऋजुताने स्वतःच्या हाताने केली होती, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं होतं.

ऋजुता यवतमाळची. पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. नवरा प्रणव याला बर्मिंगहॅमच्या बँकेत काम मिळालं, तशी त्याच्याबरोबर इकडे आली. सहा महिने अर्ज करकरून थकली आणि शेवटी घराजवळच्या हॉलीबँक लायब्ररीत अर्धवेळ काउंटरवर बसू लागली. तिथली मुख्य होती तनिषा. वय एकोणतीस, आईवडील मराठी, पण जन्म लंडनच्या स्टॅनमोरचा. ऋजुता तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून ती एकाच वाक्यात ताईही म्हणायची आणि कामालाही लावायची.

"ताई, वरच्या ऑफिसने डेड स्टॉकचा लिस्ट मागितलाय. तुला येतो ना ते डेटाचं?"

ऋजुताला हुरूप आला. इतक्या दिवसांनी कुणीतरी तिला येणारं काम सांगितलं होतं. एका दुपारीत तिने संगणकाकडून यादी काढून घेणारा शोध लिहिला, तीनदा तपासला आणि शुक्रवारी यादी पाठवून दिली. वरून उत्तर आलं, 'इतकी स्वच्छ यादी कुठल्याच शाखेची नाही. एकतीस ऑक्टोबरपर्यंत जी पुस्तकं इश्यू होणार नाहीत, ती एक नोव्हेंबरला उचलू.' तो मेल तिने प्रणवला वाचून दाखवला होता, तोही दोनदा.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला नेहमीप्रमाणे मिस्टर होल्डर आले.

आल्विन होल्डर. वय चौऱ्याऐंशी. मूळचे बार्बाडोसचे, बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षं बस चालवलेले. टाय बांधल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. खिडकीजवळच्या शेल्फातून त्यांनी एक पुस्तक काढलं आणि टेबलाशी बसले. त्यांच्या मागोमाग चर्चमधली चार-पाच म्हातारी माणसं आली, त्यांनीही पुस्तकं काढली. बारा वाजता सगळ्यांनी आपापलं पुस्तक जिथून काढलं तिथेच, कणा बाहेर येईल असं सरळ लावून ठेवलं आणि टोप्या घालून निघून गेले.

ऋजुता तशीच उठून शेल्फापाशी गेली. तिथे एकशे एकतीस पुस्तकं होती. वेस्ट इंडीजहून आलेल्या नर्सेसच्या आठवणी होत्या, उसाच्या मळ्यांचा इतिहास होता. ब्रिस्टॉलच्या बस कंपनीने कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारली तेव्हा लोकांनी बसवर बहिष्कार टाकून तिला कसं नमवलं, त्याची हकीकत होती. आणि ही सगळीच्या सगळी तिच्या यादीत होती. दर गुरुवारी डोळ्यांसमोर वाचली जाणारी पुस्तकं तिने मेलेली म्हणून कळवली होती.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती. 'इथे बसून वाचा. मागून येणाऱ्यासाठी जागेवर ठेवा. व्हेरोना क्लार्क, १९८४.'

पुढच्या गुरुवारी तिने धीर करून विचारलं, "मिस्टर होल्डर, यातलं एखादं पुस्तक घरी न्याल का?"

टेबल घरी न्यायला सांगितल्यासारखं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "पोरी, ही पुस्तकं बाहेर न्यायची नसतात. व्हेरोना माझ्या बसवर कंडक्टर होती. अकरा वर्षं. दर पगाराला एक पुस्तक घ्यायची. आमच्या मुलांना शाळेत आमच्याबद्दल एक ओळ शिकवत नव्हते, म्हणून तिने सगळी इथे आणून दिली. शाळा सुटली की पोरं यायची. एकाने घरी नेलं तर दुसऱ्याने काय वाचायचं? ती जाऊन बावीस वर्षं झाली. आम्ही तिचा शब्द मोडलेला नाही."

"पण मग तुम्ही वाचता हे संगणकाला कळणार कसं?"

"त्याला कशाला कळायला हवं? माझी त्याची ओळख नाही."

म्हातारे टेबलाभोवती हसले. ऋजुताला हसू येईना. तिने यादीची गोष्ट सांगितली, ती आपणच केली हेही सांगितलं. हसणं थांबलं. मिस्टर होल्डरनी पुस्तक मिटलं, कणा सरळ करून जागेवर ठेवलं आणि त्या दिवशी अकरालाच निघून गेले.

"ताई, तू उगाच टेन्शन घेते," तनिषा म्हणाली. "आपण दोघी बसून सगळे पुस्तक स्कॅन करू. आउट, इन, आउट, इन. फिनिश! कोण बघणार?"

"मी बघणार. आठ वर्षं लोकांचा खोटा डेटा पकडायचा पगार घेतलाय मी. आणि दोन वर्षांनी परत यादी येईल, तेव्हा?"

"मग ब्लॅक हिस्टरी मंथचा डिस्प्ले आहे ना. तिथे मांडू, छान बोर्ड लावू. हात लावू नका म्हणून. मग गाडीवाले पण नाही नेणार."

ऋजुताने कपाळाला हात लावला. ऑक्टोबर हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. गेल्या ऑक्टोबरातही असाच बोर्ड होता, एक व्याख्यान होतं आणि ऐकायला अकरा माणसं होती. त्यात या दोघी आणि वक्ता धरलेला.

रविवारी तिने यवतमाळला फोन लावला. तिचे वडील शशिधर एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. मुलीचं रडगाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, त्यांचं बरोबर आहे हो. त्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय."

"कधी लिहिलं?"

"चौऱ्याऐंशी साली."

"तेव्हा पोरं तिथे येत होती. आता येतात का?"

"नाही. आता फक्त म्हातारी माणसं."

"मग? जिथे प्रवासीच उरले नाहीत त्या स्टॉपवर गाडी उभी ठेवायची काय? अगं, डेपोत उभ्या गाडीचे आधी टायर बसतात, मग बॅटरी. मग साहेब येऊन म्हणतो, काढा हिला भंगारात. ती बाई कंडक्टर होती ना? तिने काय केलं असतं, ते त्या ड्रायव्हरला विचार. त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

गुरुवारी मिस्टर होल्डर आले, पण बसले नाहीत. शेल्फासमोर उभे राहिले. ऋजुता बाजूला जाऊन उभी राहिली.

"व्हेरोनाबाई घंटी कशी द्यायच्या हो?"

"म्हणजे?"

"माझे वडीलपण कंडक्टर होते. आमच्याकडे एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल."

त्यांच्या भुवया वर गेल्या. "इथेही तेच. एक थांबायला, दोन निघायला. तुमच्या देशातसुद्धा?"

"आमच्याकडे डबल बेल म्हणतात. मिस्टर होल्डर, त्यांनी गाडी कधी विनाकारण उभी ठेवली होती?"

ते शेल्फाकडून तिच्याकडे वळले. मग आवाज चढवून म्हणाले, "तू तिला ओळखत नव्हतीस. तिचं नाव घेऊन मला शिकवू नकोस!" आणि काठी आपटत बाहेर पडले.

"ग्रेट," तनिषा म्हणाली. "आपला एकच रेग्युलर होता, त्याला पण पळवला."

दोन दिवस ऋजुताचं कशात लक्ष लागलं नाही. शनिवारी दार उघडायच्या आधीच बाहेर रांग दिसली. पुढे मिस्टर होल्डर, मागे चर्चची सगळी मंडळी. मिस्टर होल्डर यांच्या डोक्यावर नेहमीच्या हॅटऐवजी ड्रायव्हरची जुनी टोपी होती, बिल्ला घासूनपुसून लख्ख केलेला.

"पोरी, माझ्या तीन अटी आहेत. पुस्तक नेणाऱ्याला ते कुणी दिलं हे आधी सांगायचं. ते मी सांगणार. दुसरं, त्याने स्वतःच्या हाताने परत आणून द्यायचं, त्या बाहेरच्या परतीच्या पेटीत टाकायचं नाही. आणि तिसरं, व्हेरोनाची चिठ्ठी फाडायची नाही. तिच्या शेजारी दुसरी लावायची."

"काय लिहायचं तिच्यावर?"

"'वाचा. मग मागून येणाऱ्याच्या हातात द्या.' शब्द तिचाच आहे. फक्त एक स्टॉप पुढे नेलाय."

ऋजुताचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. हातात तीन आठवडे होते.

पोस्टर न लावता ती आमंत्रणाला निघाली. हळदीकुंकवाला बोलवायला जावं तशी, एकेका दारात. केस कापायच्या दुकानात गेली, बस डेपोत गेली, रविवारी चर्चमध्ये गेली. "शेवटच्या शनिवारी यायचंच बरं का," असा आग्रह करकरून तिने लोकांना बोलावलं. चर्चमधल्या बायकांना हा आग्रह फार आवडला. त्यांनी तिला केक खायला घालूनच सोडलं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, तर दिवाळी तोंडावर आलेली. मंडळातल्या वैजयंतीकाकूंनी कळवलं, "अगं, चकलीची भाजणी दळायची राहिलीय माझी!" ऋजुता त्यांच्याही दारात जाऊन उभी राहिली. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं काकूंना जमलं नाही.

त्या शनिवारी सकाळपासून पाऊस होता, तरी रांग रस्त्यापर्यंत गेली. आत खुर्च्या बससारख्या मांडल्या होत्या, दोन इकडे, दोन तिकडे, मधून वाट. पुढे टोपी घालून मिस्टर होल्डर. डेपोतल्या कुणीतरी जुनं तिकिटांचं मशीन आणलं होतं. पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला एक तिकीट मिळायचं, त्यावर ते पुस्तक इतकी वर्षं वाचणाऱ्या कुणा म्हाताऱ्याचं नाव. ते माणूस तिथेच बसलेलं असायचं. लोक तिकीट घेऊन त्याला शोधत जायचे आणि बोलत बसायचे. मिस्टर होल्डरनी त्या दिवशी व्हेरोनाची गोष्ट पंचावन्न वेळा तरी सांगितली, आणि दर वेळी त्यात एखादी नवी आठवण निघत होती. "एकाने तिच्या हातून तिकीट घ्यायला नकार दिला. म्हणाला, काळ्या हाताचं नको. तिने एक घंटी मारली. मी गाडी थांबवली. ती म्हणाली, साहेब, तुमचा स्टॉप आला. भर पावसात उतरवला त्याला!" सगळी बस टाळ्या वाजवू लागली.

वैजयंतीकाकूंनी नर्सेसच्या आठवणींचं पुस्तक नेलं. "मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढली," त्या मिस्टर होल्डरना म्हणाल्या, "पण आमच्या आधी कुणी काय सोसलं ते मला कुणी सांगितलं नाही हो." जाताना त्यांनी डब्यातल्या चकल्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

संध्याकाळी शेल्फात नऊ पुस्तकं उरली होती. बुधवारपर्यंत एकच राहिलं. मळ्यांचा इतिहास. सातशे पानं, बारीक अक्षर. येणारा प्रत्येक जण ते उचलायचा, वजन बघायचा आणि परत ठेवायचा.

"ताई, लास्ट एकच आहे. तू घे ना," तनिषा म्हणाली.

"घेईन. पण पाच वाजेपर्यंत थांबू."

एकतीस ऑक्टोबर गुरुवारी होता. मिस्टर होल्डर साडेदहाला आलेच नाहीत. ऋजुता दर वेळी दार उघडलं की मान वर करत होती. साडेचार झाले. तिने स्वतःचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. पाचला दहा कमी असताना काठीचा आवाज आला.

मिस्टर होल्डर थेट शेल्फापाशी गेले. ते एकुलतं पुस्तक दोन्ही हातांनी काढून त्यांनी काउंटरवर आणलं.

"हे घरी न्यायचंय."

"तुमचं कार्ड?"

"नाही."

"विसरलात?"

"कधी काढलंच नाही, पोरी. चाळीस वर्षांत एकही पुस्तक घरी नेलं नाही, तर कार्ड कशाला लागतंय? सकाळपासून घरात पत्त्याचा कागद शोधतोय. हे घे विजेचं बिल."

तनिषाने तोंडावर हात ठेवला. ऋजुताने अर्ज उघडला. नाव, पत्ता, जन्मतारीख. तिची बोटं इतक्या घाईने कधी चालली नव्हती. नवं कोरं कार्ड त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि टायमागच्या शर्टाच्या खिशात ठेवायला गेले, तशी ती म्हणाली, "अहो थांबा, आधी मशीनला दाखवायचं!"

पाचला तीन मिनिटं कमी असताना पुस्तक इश्यू झालं.

मग ऋजुताने तोच शोध पुन्हा चालवला, तिनेच लिहिलेला, तीनदा तपासलेला. पडदा क्षणभर पांढरा राहिला. क्लार्क शेल्फ, इश्यू न झालेली पुस्तकं, शून्य. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बघा. आता याची आणि तुमची ओळख झाली."

मिस्टर होल्डरनी पडद्याकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या शेल्फाकडे. लाकूड चाळीस वर्षांत पहिल्यांदाच उघडं पडलं होतं आणि पुस्तकं उभी असायची तिथे फिकट पट्टा दिसत होता. लायब्ररीत इतकं सुंदर शेल्फ ऋजुताने पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुस्तक कोटाच्या आत घेतलं, बटण लावलं. काउंटरवर माणसं बोलवायची पितळी घंटी असते, तिच्यावर त्यांनी हात ठेवला.

दोनदा वाजवली, आणि निघाले.